शाल, श्रीफळ आणि पॅरिसची सकाळ : चित्रपट मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपले चित्रपट मंडळ.

स. न. वि. वि.

अकरा वर्षं मी मंडळाचा सभासद आहे. वर्गणी कधी थकवलेली नाही. वार्षिक सभेत ठरावाला हात वर करतो, चहा पितो आणि दुकानावर परत जातो. आज पहिल्यांदाच तक्रार करतोय आणि ती चारचौघांत करतोय. त्या संध्याकाळी हॉलमध्ये जे साठ-सत्तर जण होते त्या सगळ्यांचं काहीतरी गेलंय, आणि बहुतेकांना ते गेल्याचा पत्ताही नाही.

मागच्या रविवारी आपण वाचनालयाच्या हॉलमध्ये 'लव्ह मी टुनाइट' लावलात. १९३२ सालचा, अमेरिकेतल्या पॅरामाउंट कंपनीचा बोलपट. गाण्यांचा, प्रेमाचा आणि हसवणुकीचा. निवड ज्यांनी केली त्यांना आधी नमस्कार. हा सिनेमा आपल्या गावात कधी मोठ्या पडद्यावर लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण पुढं काय झालं ते आठवा. वेळ होती सहाची. सव्वासहाला समई लागली. वाती विझत होत्या म्हणून पंखे बंद केले, ते परत सुरू करायचं कुणाला सुचलं नाही. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ज्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ दिलं त्यांना गुलाबाचं फूल, आणि मग भाषण. पाहुणे सिनेमा सोडून सगळ्यावर बोलले. सात वाजून दहा मिनिटं झाली. साडेआठला हॉल हळदीच्या कार्यक्रमाला द्यायचा होता आणि मांडववाले दारात येऊन उभेच होते. तेव्हा लॅपटॉपवर बसलेल्या पोराला सचिवसाहेब म्हणाले (मी दुसऱ्या रांगेत होतो, स्पष्ट ऐकलं), "सुरुवातीला नुसतं पॅरिस-बिरिस आहे, काही घडत नाही. ते पुढं ढकल. हिरो आला की लाव."

पोरानं ढकललं.

मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिलाय, एकदा मुलीच्या लॅपटॉपवर आणि एकदा भाच्यानं आणलेल्या डीव्हीडीवर. त्यामुळे काय ढकललं गेलं ते मला सांगता येईल.

पहाटेचं पॅरिस. रस्ते मोकळे. घंटेचे ठोके पडतात. एक मजूर येतो आणि रस्त्यावर कुदळ घालायला लागतो. धप्. थांबतो. धप्. गल्लीत कुणीतरी उघड्यावर झोपलाय, तो घोरतो, ते बरोबर दोन धप्‌च्या मधल्या जागेत. एक बाई उंबऱ्यापुढं झाडू मारायला लागते. तान्हं पोर रडतं. धुराड्यातून धूर निघतो, खिडक्यांची दारं उघडतात. दोन चांभार समोरासमोर बसून खिळे ठोकतात, एकाचा हातोडा खाली तेव्हा दुसऱ्याचा वर. धार लावणाऱ्याचं चाक किरकिरतं, खिडकीतून सतरंजी झटकली जाते, मोटारीचा भोंगा वाजतो. एकेक आवाज येऊन आधीच्या आवाजांच्या शेजारी जागा धरून बसतो. ताल धरला गेलाय हे डोक्याला कळायच्या आधी पायाला कळलेलं असतं. वाद्यं नंतर येतात, हळूच, शेजाऱ्यासारखी. मग कॅमेरा एका खिडकीतून आत जातो, भिंतीवर हॅट टांगलेली दिसते, आणि अंगात चढवत असलेल्या स्वेटरच्या गळ्यातून नायकाचं, म्हणजे शिंपी झालेल्या मॉरिस शेव्हालिएचं, डोकं बाहेर येतं. तो त्या सगळ्या गलबल्याला म्हणतो, बाई पॅरिस, तुझं सकाळचं गाणं गोड आहे, पण आवाज फार होतोय. आणि खिडकी लावून घेतो.

आपल्याकडे त्या रात्री हे डोकं एकदम बाहेर आलं. तो कुणाला बोलतोय, खिडकी का लावतोय, काही कळायला मार्ग नाही. माझ्या मागच्या रांगेत एकजण बायकोला म्हणाला, "वेडा आहे वाटतं." त्याचा काय दोष?

'काही घडत नाही' असं आपण म्हणालात. तमाशाचा फड आपल्या जत्रेत येतो तेव्हा आधी ढोलकी आणि हलगी घुमते, मग गण, मग गौळण. गण-गौळण ढकलून एकदम वगाला हात घालणारा फड मी तरी पाहिलेला नाही, आणि कुणी तसं केलं असतं तर गावानं त्याला नीट जाऊ दिलं नसतं. त्या वेळात 'घडत' तरी काय असतं? आपण घडत असतो. बाजारातून, शेतातून, दुकानातून आलेला माणूस बघणारा होत असतो.

बोलपट येऊन तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती, हे ध्यानात घ्या. सुरुवातीच्या दिवसांत आवाजानं सिनेमाचे पाय बांधले होते. मायक्रोफोन हलायचा नाही, कॅमेऱ्याचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून त्याला खोक्यात कोंडायचे, आणि नटांनी मायक्रोफोन लपवला असेल तिकडे तोंड करून बोलायचं. गाणं म्हणजे नट उभा राहणार, पोट आत घेणार आणि गाणार. असे इतके गाणेपट निघाले की १९३० नंतर अमेरिकेतला प्रेक्षक गाण्याला वैतागला होता. अशा वेळी रूबेन मामूलियन नावाचा माणूस येतो, या सिनेमाचा दिग्दर्शक. जन्म तिफ्लिसचा (आजचं जॉर्जियातलं तिबिलिसी), जातीनं आर्मेनियन, नाटकवाला. १९२७ साली न्यूयॉर्कला 'पोर्गी' नाटक बसवताना त्यानं झोपलेली वस्ती अशीच आवाजांनी उठवली होती. सिनेमात येऊन तो तीच युक्ती पुन्हा करतो, पण रंगमंचावरच्या एका गल्लीऐवजी त्याच्या हातात आता अख्खं शहर असतं. (तेही हॉलिवूडच्या स्टुडिओत उभं केलेलं. असू दे.) म्हणजे ज्या आवाजानं सिनेमाला जखडून ठेवलं होतं, त्याच आवाजाच्या तालावर तो कॅमेरा नाचवतो. आपण ढकललेली मिनिटं ती ही.

आता दुसरी तक्रार, ही धंद्यातली. मी कपडे शिवतो, त्यामुळे माणूस पडद्यावर आला की माझी नजर आधी त्याच्या खांद्यावर जाते. शेव्हालिए आला आणि मी चरकलो. हा गडी सडपातळ. डीव्हीडीवर पाहिला तेव्हा मी मनात त्याची छाती ३८ धरली होती. आपल्या पडद्यावर ती ४९ दिसत होती. राजकन्या झालेल्या जॅनेट मॅकडोनाल्डचा चेहरा भाकरीसारखा पसरलेला, मोटारींची चाकं लंबगोल. कारण असं की त्या काळच्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौरस असते आणि आपण ती ताणून आजच्या रुंद पडद्याभर बसवली. दोन बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर प्रेक्षकांना 'पूर्ण दिसत नाही' असं वाटेल म्हणून. अहो, आखूड कापड ओढून ताणून मापात बसवत नाहीत. शिवण फाटते. त्या पट्ट्या राहू द्या, दोन मिनिटांत डोळा त्यांना विसरतो.

एवढं होऊनही सिनेमानं हॉल जिंकला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. कुठं जिंकला तेही सांगतो. 'इझन्ट इट रोमँटिक' हे गाणं सुरू झालं तिथं. रिचर्ड रॉजर्सची चाल, लॉरेन्झ हार्टचे शब्द. शिंप्याच्या दुकानात, आरशासमोर, गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या सुटावरून गाणं निघतं. गिऱ्हाईक ते गुणगुणत बाहेर पडतं. टॅक्सीवाला उचलतो. टॅक्सीतला उतारू संगीतकार निघतो, तो ते कागदावर उतरवून घेतो आणि आगगाडीत म्हणत बसतो. डब्यातले सैनिक ऐकतात, ते रानातून कूच करताना गातात. तिथं एक भटका पोरगा ऐकतो, धावत आपल्या पालावर जातो आणि फिडलवर वाजवतो. रात्रीच्या वाऱ्यावर ते सूर एका गढीच्या सज्जापर्यंत पोचतात, आणि सज्जात उभी असलेली राजकन्या गाणं पुरं करते. शिंपी आणि राजकन्या अजून एकमेकांना भेटलेलेसुद्धा नाहीत.

आपण संगीत नाटकावर वाढलेली माणसं. आपल्याकडे गाणं ज्याचं त्याचं असतं. नट पद घेतो, आळवतो, वन्समोअर घेतो, ते पद त्याच्या नावावर जमा होतं. इथं गाणं कुणाच्याच मालकीचं राहत नाही, आठवडी बाजारातल्या बातमीसारखं हातोहात पुढं जातं. हे चालू असताना मी मान वळवून मागं पाहिलं. मोबाईलचे जे पाच-सहा उजेड दिसत होते ते विझले होते. तो मघाचा 'वेडा आहे' म्हणणारा बोटानं खुर्चीच्या हातावर ताल धरून होता. विचार करा, सकाळचा तो ताल त्याच्या कानात आधी पडला असता तर काय झालं असतं.

गोष्टीबद्दल फार सांगत नाही, सगळ्यांनी पाहिलीच आहे. एक उमराव, चार्ली रगल्सनं केलेला, उधारीवर ढीगभर सूट शिवून घेतो आणि पैसे बुडवतो. टोपीवाले, बूटवाले, सदरेवाले सगळेच बुडालेत. त्या सगळ्यांच्या वतीनं शिंपी वसुलीला गढीवर जातो आणि तिथं अडचणीत सापडलेला तो उमराव त्याची ओळख 'बॅरन कुर्तलाँ' अशी करून देतो. गढीत म्हातारा ड्यूक, कोंबड्यांसारख्या एकमेकींना चिकटून फिरणाऱ्या तीन मावश्या, आणि कोवळ्या वयात एका सत्तरी ओलांडलेल्या नवऱ्याला दिलेली, आता विधवा झालेली राजकन्या. 'शारदा' नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना हे प्रकरण समजावून सांगायला नको. (ड्यूक झालेले सी. ऑब्री स्मिथ हे १८८९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या कसोटी संघाचे कप्तान होते. आयुष्यात एकच कसोटी खेळले, तीही कप्तान म्हणून, आणि पहिल्या डावात पाच बळी घेतले. आपल्या पाहुण्यांनी भाषणाची वीस मिनिटं क्रिकेटवर घालवली, त्यात हे सांगितलं असतं तर मी टाळी वाजवली असती.)

मला बोलायचंय ते शिंप्याच्या जागेबद्दल. राजकन्येचा घोडेस्वारीचा पोशाख तिच्या अंगावर नीट बसलेला नसतो. बॅरन म्हणून आलेल्या माणसाच्या डोळ्याला ते सहन होत नाही. लपून राहायचं तर गप्प बसायला हवं. पण तो बोलतो. पोशाख उसवतो, तिचं नव्यानं माप घेतो, घरच्यांच्या तावडीत सापडतो, आणि काही तासांत पोशाख नव्यानं उभा करतो. काही तासांत म्हणजे थाप आहे. मुंढा बदलून अस्तराचं जाकीट परत उभं करायचं तर मला दोन दिवस आणि मधे एक ट्रायल लागते. पण गप्प न बसणं मात्र शंभर टक्के खरं. लग्नात पंगतीला बसलो असताना समोरच्या माणसाच्या कोटाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसली की माझा घास घशाखाली उतरत नाही. बायको टेबलाखालून पाय मारते. मी तरी बोलतोच.

आणि मग तो कबूल करतो की मी बॅरन नाही, शिंपी आहे. त्यावर सगळी गढी गायला लागते. 'अहो, हा तर निव्वळ शिंपी निघाला' अशा अर्थाचं गाणं. ड्यूक गातो, मावश्या गातात, आणि मालकांपेक्षा नोकरांना जास्त लागतं. त्यांनी एका शिंप्याची सरबराई केली म्हणून. हॉलमध्ये सगळे हसले. मीही हसलो. पण मला १९९४ साल आठवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी मांडवात आल्यागेल्याला माझी ओळख 'गारमेंटच्या लायनीत आहेत' अशी करून दिली होती. दुकानात तेव्हा दोन पायमशिनी होत्या, एक माझी आणि एक बाबांची. मामेसासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे एक्स्पोर्ट वगैरे?" मी हो म्हणालो. म्हणजे मीही एक दिवस बॅरन कुर्तलाँ होतो. पुढच्याच महिन्यात तेच मामेसासरे पॅंटची खालची घडी सोडून लांब करून न्यायला दुकानात आले. दोघांपैकी कुणीही त्या विषयावर बोललं नाही. पैसे मात्र त्यांनी दिले, हे सांगायला हवं.

आता सोमवारच्या प्रस्तावाबद्दल. मंडळाच्या ग्रुपवर असा मजकूर आला की जुने सिनेमे यापुढं एक तासाच्या 'संपादित स्वरूपात' दाखवावेत, संथ भाग गाळावा, आजच्या काळात खटकणारे प्रसंगही गाळावेत, म्हणजे नवी पिढी येईल. खाली चौतीस अंगठे. मी अंगठा दिला नाही, त्याचं कारण असं.

हा सिनेमा आधीच एकदा कातरला गेलाय. तो निघाला १९३२ ला. १९३४ पासून अमेरिकेत चित्रपटांच्या नीतिनियमांची अंमलबजावणी कडक झाली, आणि नंतर हा पुन्हा प्रदर्शित करायची वेळ आली तेव्हा त्यातली काही मिनिटं कापून टाकली. एक जागा सांगतो. नायकानं रानात म्हटलेलं 'मिमी' हे गाणं दुसऱ्या दिवशी सकाळी गढीतला जो तो म्हणत उठतो, आपापल्या खोलीत. त्यात मर्ना लॉयचाही एक तुकडा होता. तिचा झोपायचा झगा जरा पातळ होता. काढला. ते कापलेलं कुणी जपून ठेवलं नाही, आणि ते आजतागायत सापडलेलं नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं १९९० साली हा सिनेमा राष्ट्रीय ठेवा म्हणून यादीत घातला, तो त्या जागा तशाच रिकाम्या ठेवून.

मर्ना लॉय म्हणजे ती सतत झोपेत असलेली आणि पुरुषाचं नाव काढलं की जागी होणारी नातेवाईक. राजकन्या बेशुद्ध पडते तेव्हा या मर्नाला कुणीतरी विचारतं, डॉक्टरसाठी जाशील का. आणि इंग्रजीत त्या प्रश्नाचा दुसराही अर्थ होत असल्यामुळे ती म्हणते, जरूर, पाठवा आत. आपल्या मराठी पत्रकात त्याचं 'तू वैद्यास बोलावशील काय? होय, त्यांना आत आणा' असं झालं होतं. कोण हसणार त्यावर? 'डॉक्टर चालेल का?' 'न चालायला काय झालं, पाठवा की!' एवढं पुरलं असतं. पुढच्या वेळी पत्रक छापायच्या आधी मला दाखवा, पैसे घेणार नाही.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही. घालणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. पण माणूस जाड झाला, पोर वाढलं, धाकट्याला थोरल्याचा सदरा द्यायची वेळ आली, की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. रेडिमेडवाले माया ठेवत नाहीत, वार वाचतो. तसा कपडा घट्ट झाला की फरशी पुसायला. आपल्याला ज्या जागी 'काही घडत नाही' असं वाटतं ती या सिनेमाची माया आहे. पॅरिसची सकाळ. गढीवरचा तो शिकारीचा प्रसंग, ज्यात शिंपी हरणाला झोपडीत झोपवतो आणि सगळ्या शिकाऱ्यांना सांगतो, आवाज करू नका, ते झोपलंय; आणि घोडे, कुत्रे, उमराव सगळे मंदगतीनं, चवड्यांवर चालल्यासारखे माघारी फिरतात. गोष्टीला त्याची काय गरज? काही नाही. एक तासाच्या आवृत्तीतून पहिलं तेच जाईल. आणि माझ्या शेजारची सातवीतली पोरगी त्या रात्री सगळ्यात जास्त हसली ती तिथंच.

खटकणाऱ्या जागा आहेत, त्या मी झाकत नाही. नायक मेजवानीत पॅरिसच्या गुंडाचा वेष करून गातो, त्यात बायकांशी दांडगाई करण्याची फुशारकी आहे. शेव्हालिएच्या हसण्याखाली ते लपत नाही. राजकन्येचा पिच्छा तो ज्या तऱ्हेनं पुरवतो तेही आज गोड वाटत नाही. माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिनं त्या गाण्याला हाताची घडी घातली आणि गाणं संपेपर्यंत सोडली नाही. घरी जाताना आम्ही त्यावरच बोलत गेलो. ती म्हणाली, बाबा, सोंग काढायची पाळी आली तेव्हा याला नेमका तोच पुरुष का सुचला? मला उत्तर देता आलं नाही. पण ते गाणं तुम्ही गाळलं असतं तर प्रश्न तरी कुठून आला असता? आणि शेवट बघा की. आगगाडीत बसून निघून जाणाऱ्या शिंप्यामागं राजकन्या घोडा फेकते, इकडं इंजिनाची चाकं, तिकडं घोड्याचे पाय, तिला कुणी थांबवू शकत नाही, आणि ती गाडीच्या पुढं जाऊन रुळांवर कमरेवर हात ठेवून उभी राहते. गाडी थांबते. पळून जाणारा तो, पकडून आणणारी ती. एकाच सिनेमात ही दोन्ही आहेत. एकाला नको तो एक भाग तुम्ही काढाल, दुसऱ्याला नको तो दुसरा, आणि मग मंडळाकडे गाण्यांचा एक रिंगटोन उरेल.

आपल्याकडचंही थोडं आठवा. त्याच १९३२ सालात, इथून तासाभरावर, कोल्हापुरात तयार झालेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला. मराठीतला पहिला बोलपट. त्यात नारद झालेल्या मास्टर विनायकांनी सहा वर्षांनी कोल्हापूरच्याच हंस पिक्चर्ससाठी 'ब्रह्मचारी' काढला. लेखणी अत्र्यांची. ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून खोलीतले नटनट्यांचे फोटो फेकून देणारा, व्यायाम करणारा, आश्रमात जाणारा औदुंबर, आणि त्याचं व्रत मोडायला पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणणारी मीनाक्षी. आमचे आजोबा सांगायचे की गावातली अर्धी माणसं घरी कीर्तनाला जातो सांगून तिकडे गेली होती, आणि थिएटरात एकमेकांना भेटल्यावर कुणी कुणाला विचारलं नाही. तोही प्रेमाचा, गाण्यांचा, हसवणुकीचा बोलपट. त्याचं संपादन करायला बसाल तर काय काय गाळाल? आपल्या देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, त्याची तर एकही प्रत उरलेली नाही. जे मुळात उरलंच नाही त्याला आपण काही करू शकत नाही. पण जेवढं हाताला लागलंय त्याला कात्री लावायची हौस कशाला?

तेव्हा माझ्या मागण्या. 'लव्ह मी टुनाइट' पुन्हा लावा, पहिल्या चौकटीपासून. चौकट तिच्या मापात ठेवा, ताणू नका. दिवा हवा तर लावा, पण सिनेमा संपल्यावर. पाहुण्यांना बोलवायचं असेल तर त्यांना तिकीट द्या आणि पहिल्या रांगेत बसवा. हॉलचं भाडं मी देतो, लग्नसराई संपल्यावरचा कुठलाही रविवार धरा. एक तासाचा प्रस्ताव सभेसमोर रीतसर ठेवा. या वेळी मी हात वर करणार नाही.

आणखी एक. सिनेमाच्या शेवटी त्या तीन मावश्यांच्या हातातलं भरतकाम पुरं होतं. घोड्यावरचा राजपुत्र आणि राजकन्या. फक्त हा राजपुत्र, राजपुत्र नाही. त्या वेळी माझं लक्ष पडद्याच्या खालच्या कडेकडे गेलं. डावीकडची शिवण हातभर उसवलीय, त्यामुळे तिथं झोळ पडतो आणि सगळ्यांचे पाय वाकडे दिसतात. पडदा दुकानावर पाठवून द्या. मी त्या रात्री जाताना कड उलटून पाहिली, आत चांगली दोन बोटं माया सोडलेली आहे. ज्यानं कुणी शिवला त्यानं नीट शिवलाय. बुधवारपर्यंत करून देतो.

आपला,
एक सभासद, धंद्यानं शिंपी